कोंबडा की कोंबडी

होळीनंतरच्या सोमवारी माझी बायको वारली. करवंदे पिकली तेव्हा शेजारी दारात आला आणि म्हणाला, "चल मास्तर, डोंगरावर."

सातिवलीची गोदामे मागे पडली की पायवाट लागते. दर उन्हाळ्यात आम्ही तिघे तिथे जायचो. करवंद तोडले की तो ते नारळासारखे कानाशी हलवायचा आणि जाहीर करायचा, "कोंबडा!" आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा पोरांचा खेळ. बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस तो फार गांभीर्याने खेळायचा. मात्र करवंद अख्खेच गिळायचा आणि सांगायचा, "कोंबडाच होता." त्यामुळे तो कधी हरला नव्हता. माझी बायको चिडायची. "भावोजी, आधी जीभ दाखवा!" तो तोंड मिटून पुढच्या जाळीकडे निघायचा.

त्या दिवशी "कोंबडा" म्हणून त्याने करवंद अर्धेच चावले आणि उरलेले माझ्यापुढे धरले. आतून पांढरे होते.

"हरलो, मास्तर," तो हळूच म्हणाला.

तेराव्यापासून सगळेच माझ्याशी असे हळू बोलत होते. हाही त्यांच्यात गेला, तर पूर्वीसारखे काहीच उरणार नव्हते.

"गीळ ते," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले, ते गिळले आणि ओठांवरचा चीक पुसला. "कोंबडाच होता."

"जीभ दाखव."

तो तोंड मिटून पुढच्या जाळीकडे निघाला.

आता डोंगरावर आम्ही दोघे जातो. तो अजून हरलेला नाही.