फिट्झीने झिजवलेलं गाणं

किंग्स्टनमधल्या आमच्या वस्तीत इसिल्डा नाचाच्या फाटकाशी तळलेले मासे विकायची आणि मी, फिट्झी, आत साउंडवर, म्हणजे आमच्या मोठमोठ्या कर्ण्यांच्या संचावर, रेकॉर्डी लावायचो. माइक पुरुषांच्या हातात. बाईने गायचं तर रांग संपेपर्यंत थांबायचं, आणि रांग काही संपत नसे.

एका रविवारी आमच्या गवय्याचा घसा बसला. इसिल्डाने ॲप्रनला हात पुसले, सरळ आत आली, माइक उचलला आणि आईने तिचे नाचाचे बूट भाताच्या पातेल्यात कसे लपवले ते तिथल्या तिथे गाऊन टाकलं. लोकांनी कुंपणाचे पत्रे बडवले.

मी तिला स्टुडिओत नेलं. तिथल्यांनी गाणं टेपवर घेतलं, त्याची एकच मऊ तबकडी कापून मला दिली आणि टेप पुसून दुसऱ्याला वापरली. आमच्याकडे तशीच रीत. रेकॉर्डी छापणारे मिस्टर बरेल म्हणाले, ईस्टरच्या सोमवारी नाचात येऊन ऐकतो, पसंत पडलं तर छापतो.

"छापलं की रेडिओवर लागेल," इसिल्डा म्हणाली. "आई नाचात मेली तरी पाय ठेवायची नाही, पण रेडिओ दिवसभर ऐकते. स्वतःवरचंच गाणं ऐकून कसं तोंड करते, बघायचंय मला. फिट्झी, तबकडी जप हं. सुईनं झिजते ती. नाचाला एकदाच लाव."

पण पत्रे वाजले की रेकॉर्ड उचलून पुन्हा पहिल्यापासून लावायची, हा आमचा धर्म. त्यात माझ्या डोक्यात हवा गेलेली. मी एकेका नाचात ती सात-सात वेळा लावली.

सोमवारी बरेल आले. मी सुई टेकवली. ठेका आला, पण आवाजाच्या जागी नुसती खरखर.

"गाणं आहे की मासे तळताय?" बरेलनी विचारलं.

धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं. इसिल्डाने माइक उचलला. मग म्हणाली, "उलटी बाजू लाव." त्या बाजूला नुसता ठेका होता. त्यावर तिने माझीच सालं काढली: फिट्झीला दिलं जपायला, फिट्झ्यानं लाडानं खाल्लं. लोक हसून लोळले. बरेलनी तेच गाणं छापलं. त्याच्या जोरावर ती पुढे बावीस वर्षं गायली, लंडनपर्यंत जाऊन आली. मला मात्र अजून पोरंटोरं तबकडीखाऊ म्हणतात.

बुटांचं गाणंही पुढच्या खेपेला घ्यायचं ठरलं होतं. पण पावसाळ्यातच तिची आई गेली. मग इसिल्डाने ते कधीच म्हटलं नाही.

परवा तिच्या ओट्यावर बसलो होतो. सत्तरी ओलांडलीय आता तिने. मी म्हटलं, "मिस इसी, आता तरी म्हण की ते."

"शब्द कुठे आठवतात? मी दोनदाच गायले. वाजवलंस तू. तूच म्हण."

मला सगळं पाठ होतं. फाटक्या आवाजात म्हटलं. ती पोट धरून हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

"आईनं रेडिओवर तुझं गाणं ऐकलं, फिट्झी," ती म्हणाली. "मला म्हणाली, त्या मेल्यावर गाणं करतेस, माझ्यावर नाही केलंस कधी."