लेकरांच्या रागाची खोली

रडणाऱ्या लेकराला जैनबआपा कधी "गप बस" म्हणाल्या नाहीत. कळमनुरीत लोकांची खात्रीच झाली, की बाईला ऐकू कमी येतं.

आमच्या गावात रागावण्याचा हक्क हुद्द्याप्रमाणे होता. आधी तालुक्याचे अंमलदार, मग आबासाहेब देशमुख, मग आम्ही मास्तर आणि शेवटी आया. तीन वर्षांच्या पोराच्या वाट्याला फक्त मार यायचा. मी शेजारच्या शाळेत मोठ्या मुलांना शिकवायचो आणि माझं सगळं शिक्षणशास्त्र एका छडीत मावत होतं.

आपांचा बालवर्ग आबासाहेबांच्या रिकाम्या कोठारात भरे. तिथे त्यांनी फळा टांगायच्या आधी गवंडी बोलावला आणि एका कोपऱ्यात भिंत घालून पिटुकली खोली करून घेतली. आत वाकळ, ज्वारी ओतत बसायला दोन गाडगी आणि लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवर खिडकी. खिडकीतून शेळ्या दिसायच्या. दार इतकं ठेंगणं आणि अरुंद, की मोठ्या माणसाचं डोकं आत जाई, खांदे जात नसत. राग आलेलं पोरगं आपलं आपण आत जाई आणि निवलं की बाहेर येई.

"दार मोठं करा की, आपा," मी एकदा म्हणालो.

"काहून? तुमी आत जाऊन त्याला समजावनार. मंग त्याला दोन राग आवरावे लागतील, मास्तर. त्याचा अन् तुमचा."

एकदा कुणीतरी मातीचा बैल हिसकावला म्हणून आबासाहेबांचा नातू खोलीत जाऊन बसला. तेवढ्यात आबासाहेब त्याला न्यायला आले. हाका मारल्या, पोरगं येईना. देशमुखांना नकाराची सवय नव्हती. त्यांनी फेटा काढून दारात मुंडकं घातलं आणि ते तिथेच अडकलं. बाहेर उरलेले आबासाहेब पाय झाडत ओरडू लागले.

आतून आवाज आला, "आबा, वरडू नका. शेळ्या पळून राहिल्या."

मी आणि त्यांच्या गड्यानं ओढून काढलं, तेव्हा त्यांचे कान लालबुंद झाले होते. "ही भिंत आत्ताच्या आत्ता पाडा! अन् उद्या कोठार खाली करा!"

गवंडी पहार घेऊन आला. आपांचा चेहरा उतरला. अख्ख्या तालुक्यात त्यांच्या वर्गाला दुसरी जागा कुणी देणार नव्हतं.

"पाडा, मालक," त्या म्हणाल्या. "पन लेकरू आत हाय. ते आपनहून निघू द्या."

देशमुखांच्या नातवाच्या अंगावर भिंत कोण पाडणार? गवंडी विडी पेटवून बसला. आबासाहेब येरझारा घालून दमले आणि आतल्या ज्वारीच्या आवाजाकडे कान लावून तेही जमिनीवर टेकले. माझा वर्ग तोवर तमाशा बघायला लोटला होता. त्यांना हाकलायचं माझ्याही लक्षात राहिलं नाही.

ऊन कललं तसं पोरगं बाहेर आलं, नाक पुसलं आणि आज्याच्या मांडीत जाऊन बसलं.

"मालक, पाडू का?" गवंड्यानं विचारलं.

"आता काहून?" आबासाहेब म्हणाले. मग आपांकडे न बघताच, "बाई, उद्या याला कवा आनून सोडू?"

वर्ग पुढे बरीच वर्षं चालला. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या धामधुमीनंतर आपा भावाकडे हैदराबादला निघाल्या. त्या जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं, पण मी नुसता त्यांचं गाठोडं उचलून उभा होतो. आबासाहेब मात्र मोटारीपाशी चारचौघांत ढसाढसा रडले. लोक समजूत घालायला धावले.

"कोनी समजावू नका," ते म्हणाले. "रडून राहिलो, तर रडू द्या. माझं मी थांबतो."