ताप न आलेली गल्ली

काल दुपारी घरी येत होते, तर आमच्या गल्लीत प्रत्येक दारापुढे पाण्याचं पिंप पालथं घातलेलं दिसलं. दर शुक्रवारी दिसतं, पण काल मी थांबून पाहत राहिले.

गेल्या वर्षी याच दिवसांत शेजारच्या सुशीलाताईंच्या सुनेला, मीनाला, डेंग्यू झाला होता. तिला सातवा महिना चालू होता. ती आणि बाळ दोघंही सुखरूप राहिली, पण डासांच्या अळ्या ताईंच्याच पिंपात सापडल्या होत्या. मीना घरी आली आणि ताई दारोदार फिरू लागल्या. "आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासा," म्हणायच्या.

"पाणी एक दिवसाआड येतं ताई, असं ओतून कसं द्यायचं?" बायका विचारत.

"ओतू नका. त्याच पाण्यात गोधड्या, चादरी धुऊ."

तेव्हापासून शुक्रवारी सगळी गल्ली एकत्र धुणं धुते.

न आलेला आजार डोळ्यांना दिसत नाही. त्याचे पेढे कोणी वाटत नाही. पण मला काल तो विजय अगदी समोर दिसत होता.

तेवढ्यात दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. "आसपास सगळीकडे ताप आहे आणि तुमच्या गल्लीतून एकही पेशंट नाही. कोणी लपवत तर नाही ना, म्हणून बघायला आले."

ताईंनी त्यांना घरोघरी नेलं. शेवटच्या दारातून बाहेर पडताना नर्सबाई हसत होत्या. "आता पलीकडच्या गल्लीत चला माझ्याबरोबर. तुम्हीच सांगा त्यांना."

ताईंनी चपला पायात सरकवल्या. त्यांच्यामागे मीना निघाली, आणि मग आम्ही सगळ्याच निघालो.