विलासच्या वाडीत उशिरा पोचले

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, दोन दशम्या आणि मोबाइलचा चार्जर होता. मी निघाले होते एक सर्व्हर पाहायला. आमच्या पणदऱ्यात हे सांगितलं असतं, तर रिटायर झाल्यावर बाईंचं डोकं फिरलं असंच म्हणाले असते सगळे. म्हणून इंदापूरला लग्नाला जातेय, अशी थाप मारली.

माझा धाकटा भाऊ विलास लोणी देवकरच्या एमआयडीसीत फिटर होता. लग्न केलं नाही, एकटाच राहायचा. सुट्टीच्या दिवशी उजनीच्या पाण्यावर जाऊन पाखरांचे आवाज मोबाइलवर भरायचा, मधेमधे स्वतः बोलायचा, आणि दिवसाला वीस-वीस क्लिपा घरच्या ग्रुपवर टाकायचा. ग्रुपची अॅडमिन मी. जन्मभर वर्गाला शिस्त लावलेली बाई! एकदा बजावलं, दोनदा बजावलं, तिसऱ्यांदा त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. मोबाइल भरला म्हणून त्याच्या क्लिपाही न ऐकता पुसल्या. त्यानंतर तीन वर्षं आम्ही बोललो नाही. गेल्या पावसाळ्यात कामावर असतानाच हृदय बंद पडून तो गेला. दहाव्याला त्याच्या कारखान्यातला एक जण मला म्हणाला, की भाऊंचा आवाज आम्ही मोबाइलवर रोज ऐकायचो. माझ्याकडे त्या आवाजातला एक शब्दसुद्धा नव्हता.

तो कुठे बोलायचा, ते त्याच माणसाकडून काढून घेतलं. मोबाइलवर आपल्याला सवय असते एकाच कंपनीच्या मोठ्या गावाची, जिथं सगळे एकाच चावडीवर ओरडतात. हे तसं नाही. इथे वाड्या आहेत. प्रत्येक वाडीचा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं बोलणं साठवणारा कॉम्प्युटर, वेगळा, चालवणारा वेगळा, नियम वेगळे. पण या वाडीतून त्या वाडीतल्या माणसाशी बोलता येतं. मला यातलं काय कळतंय, कप्पाळ! पहिली दिसली त्या वाडीत शिरले, ‘नमस्कार’ लिहिलं आणि आठवडाभर वाट पाहिली. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. पुढे कळलं, की इथे कुणी आपोआप समोर येत नाही, एकेकाला आपणच शोधायचं. विलासला शोधलं, तर सापडेना. बाहेरच्यांना दिसत नसेल, आत गेल्यावर ऐकायला मिळेल, अशी मनाची समजूत घातली आणि त्याच्याच वाडीला अर्ज केला. उत्तर आलं, फॉर्मवर कुणाला घेत नाही, वरकुट्याला येऊन चहा घ्या.

रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. आभाळ मळकट, ऊन नाही, पाऊसही नाही. निमगाव केतकीला उतरले. स्टँडबाहेर ओल्या फडक्यात बांधलेली विड्याची पानं घेऊन माणसं गप्प बसली होती. तिथून वडाप (माणसं कोंबून भरल्याशिवाय न सुटणारी जीप) धरली आणि भलत्याच वरकुट्यात उतरले. वरकुटे दोन, खुर्द आणि बुद्रुक. दुसऱ्यांच्या पत्त्यांतल्या चुका काढणारी मी, स्वतः अर्धाच पत्ता घेऊन निघाले होते. पारावर बसून एक दशमी खाल्ली. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्याने शेजारी बसवून घेतलं आणि बरोबर दारात सोडलं.

सर्व्हर चालवणारे बाळासाहेब विलासच्याच कारखान्यातले. त्यांनी मला गोठ्याशेजारच्या खोलीत नेलं. जाळीच्या कपाटात एक जुना कॉम्प्युटर घुरघुरत होता, खाली इन्व्हर्टर, वर टेबलफॅन. एवढ्याशा डब्यात चाळीस माणसं राहतात, असं ते म्हणाले. त्यांच्या पत्नी कुसुमताई चहा घेऊन आल्या. उसाच्या मुलखात पाहुण्याचा चहा म्हणजे पाक असतो, आणि या चहात साखरच नव्हती. मला तसाच लागतो म्हणा, पण मी इथे नकोशी आहे, असंच मला वाटलं.

मी विलासच्या क्लिपा ऐकायच्या आहेत म्हणाले. बाळासाहेबांनी कप खाली ठेवला.

“त्यांचं खातं आमी दहाव्याच्या सांजेलाच पुसलं, बाई.”

मग ते सांगत राहिले. गेलेल्या माणसाचे कपडे, अंथरूण जसं दहाव्यानंतर देऊन टाकतात, तसंच. आवाज मागे ठेवला तर माणूस अडकून पडतो. आधी सगळे याच खोलीत जमले, एकदा शेवटचं ऐकलं, मग पुसलं. इतर वाड्यांनाही पुसल्याचा निरोप गेला, तिथलंही गेलं. त्यांनी हे इतक्या मायेनं केलं होतं की मला ओरडायलाही जागा राहिली नाही. तरी मी ओरडलेच, घरच्यांना विचारायची रीत नाही का तुमच्यात?

“तुमी दहाव्याला दिसला हुता,” ते खाली बघत म्हणाले. “पन तुमी त्यांना काढल्यालं आमाला म्हाईत हुतं. मग तुमाला काय विचारायचं?”

मी पिशवी उचलली. 

कुसुमताईंनी फळीवरची वही काढली. या वाडीची रीत अशी, की राहणाऱ्या प्रत्येकाने पुढे येईल अशा आपल्या एका माणसाची जागा राखायची आणि त्याची ओळख वहीत लिहायची. विलासचं गिचमिड अक्षर मी लांबूनही ओळखलं. ‘विमलताई, पणदरे. थोरली बहीण. रागावलीय, पण येईल. चहात साखर नको.’ खाली तारीख होती, मी त्याला काढलं त्याच आठवड्यातली. मी परक्या माणसांसमोर मोठ्यानं रडले. कुसुमताई शेजारी येऊन बसल्या.

बाळासाहेबांनी माझं खातं उघडून दिलं आणि मला निमगावपर्यंत सोडलं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी लिहिलं, ‘विमल. विलासची बहीण. यायला उशीर झाला.’ या वेळी वाट पाहावी लागली नाही. लासुर्णे येईपर्यंत दहा-बारा जणांनी ‘या’ म्हटलं. तीन वर्षं ज्या माणसांत माझी जागा होती, ती ही माणसं. मी तिथे गेले असते, तर तो आपणहून बोलला असता. एवढं साधं होतं ते.

मी सगळ्यांना एकच विचारलं, तो बोलायचा काय? कुणी पाखरांची नावं लिहिली, कुणी त्याचं हसणं. मग लोणी देवकरच्या एका मुलीने लिहिलं, की भाऊंची प्रत्येक क्लिप त्याच दोन शब्दांनी सुरू व्हायची. आम्हाला वाटायचं, सवय असेल.

‘ताई, ऐक.’