बाई म्हणतात

सिंगापुरात, आमच्या पुंगोलच्या ब्लॉकमध्ये, सातव्या मजल्यावर, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. शंभर वर्षांपूर्वी कुणा विलायती बाईंनी मुलांसाठी पाखरांच्या, किड्यामुंग्यांच्या गोष्टी लिहिल्या. ते पुस्तक यांच्या पिशवीत कायम. बोलतात असे, जणू बाई शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात. "बाई म्हणतात, मुंगीला वाट द्यावी." आणि खरंच, मुंग्यांची रांग दिसली की हे थांबणार, लिफ्ट निघून गेली तरी चालेल! मी आपली मनात हसायचे.

परवा माझ्या नातीला झाडाखाली साळुंकीचं पिल्लू सापडलं. मीच शहाणी, घरी आणून खोक्यात ठेवलं आणि दूधभात भरवायला गेले. ते चोच उघडेना. "आजी, इट्स डाइंग लाह!" पोर आपल्या सिंगापुरी इंग्रजीत रडायलाच लागली. खोकं घेऊन सातव्या मजल्यावर यांच्या दारात गेलो.

"वहिनी, होतं तिथे नेऊन ठेवा. बाई म्हणतात, आई येते."

ठेवलं, आणि तिघंही लांब बाकावर बसलो. अर्धा तास कुणी येईना. चष्मा पुसत ते हळूच मला म्हणाले, "बाईंनी थंडीच्या देशातलं लिहिलंय हो. इथल्या साळुंकीला ते ठाऊक असेल ना?" माझ्याइतकेच तेही घाबरले होते!

आणि आली की हो, चोचीत नाकतोडा घेऊन! पिल्लानं हा मोठा आ वासला.

"बाईंना सांगायला हवं," ते म्हणाले.

या वेळी मी हसले नाही. म्हटलं, "माझाही नमस्कार सांगा."