पेटंटची आई कधीची?

गेल्या शनिवारी दुपारी दादा आमच्या मीरा रोडच्या घरी आला, तो तोंड पाडूनच. चहा नको म्हणाला, तेव्हाच कळलं की काहीतरी मोठं बिनसलंय... हा माणूस तापातही चहा सोडत नाही.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. भाईंदर पूर्वेला त्याचा स्टीलच्या डब्यांचा छोटा गाळा आहे, दोन प्रेस मशीन आणि चार कामगार. साध्या डब्यांना आता कोणी विचारत नाही, म्हणून वर्षभर खपून त्याने न सांडणारा डबा तयार केला होता. झाकणाला स्प्रिंगची क्लिप... आमटी भरा, बॅगेत आडवा टाका, थेंब बाहेर येणार नाही.

या डब्यावरच गाळा तगणार होता. आणि ऐनवेळी त्याला कुणीतरी सांगितलं, अशी क्लिप एका मोठ्या कंपनीच्या पेटंटमध्ये आहे. दादाने नेटवर शोधलं, तर पेटंट खरंच सापडलं, सात वर्षांपूर्वी मंजूर झालेलं. पेटंट वीस वर्षं चालतं एवढं त्याला माहीत होतं. विसातली सात गेली, उरली तेरा.

"तेरा वर्षांनी मी सत्तरीचा होईन," तो म्हणाला. "तेव्हा डबे बनवणार, की डब्यातलं चावायला दात शोधणार?"

दुसऱ्याची वस्तू ढापायची नाही, हा त्याचा बाणा. गाळा सोडत असल्याचं पत्र टाइप करून खिशात तयार होतं, सोमवारी गाळ्याच्या मालकाला द्यायचं. कामगारांना सांगूनही झालं होतं. मला इतका राग आला ना त्याचा! अरे, कुणाला विचारशील की नाही? परस्पर निर्णय घेऊन मोकळा!

मग मला आमच्या बिल्डिंगमधल्या हेतलबेन आठवल्या. त्या फोर्टमधल्या एका पेटंट वकिलाच्या ऑफिसात तारखांचं रजिस्टर सांभाळतात... कुठल्या पेटंटची मुदत कधी संपते, फी कधी भरायची, सगळं. दादाला अक्षरशः ओढत तिसऱ्या मजल्यावर नेलं. त्या मेथी निवडत बसल्या होत्या.

दादाने मोबाइल पुढे केला. त्यांनी हात पुसून चष्मा लावला, स्क्रीनवर बोट फिरवलं आणि एकच प्रश्न विचारला.

"भाई, ग्रांट की डेट छोड़ो. इसकी माँ कब की है?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय...

मग त्यांनी समजावलं. पेटंटची वीस वर्षं मंजुरीपासून नाही, अर्ज भरल्याच्या तारखेपासून मोजतात. आणि दादाला सापडलेला अर्ज मूळचा नव्हताच. एका अर्जात दोन शोध आले, तर त्यातला एक वेगळा काढून त्याचा नवा अर्ज करतात, त्याला डिव्हिजनल म्हणतात. तो नंतर केव्हाही भरलेला असो, त्याला तारीख लागते ती मूळ अर्जाचीच. म्हणजे मुलगी जन्मली कधीही, जन्मतारीख मात्र आईची!

दादा लगेच ऐकेल तर तो दादा कसला. "पण बिल्डिंगचं वय आपण ताबा मिळाल्यापासूनच मोजतो ना?" मीरा रोड-भाईंदरचा माणूस... ताब्याच्या आधी त्याचं काही सुरूच होत नाही.

हेतलबेन हसल्या. "और बच्चे की उमर? जनम से गिनते हो कि नामकरण से?"

मूळ अर्जाची तारीख त्याच पानावर, खाली बारीक अक्षरात होती. वीस वर्षं उलटून वर चार महिने झाले होते. मी उडी मारायच्या बेतात होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक मिनट... इनका दूसरा भी है."

त्याच कंपनीचं, त्याच क्लिपच्या सुधारणेचं दुसरं पेटंट. अर्ज नऊ वर्षांपूर्वीचा. दादाचा हात नकळत खिशातल्या पत्राकडे गेला, आणि मला तर त्याच्याकडे बघवेना. हेतलबेन शांतपणे वाचत होत्या.

"अरे, ये तो ऐडिशन है," त्या म्हणाल्या. "मेन के साथ ये भी गया."

म्हणजे ते पहिल्या पेटंटला जोडून घेतलेलं पेटंट होतं. अशा जोडपेटंटला स्वतःची वेगळी वीस वर्षं मिळत नाहीत, मूळ पेटंट संपलं की तेही संपतं.

खाली वाकून दादाने मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली आणि निवडायला लागला. घरात कधी पाण्याचा ग्लास न उचललेला माणूस!

हेतलबेन मात्र पक्क्या. ऑफिसच्या वकीलसरांनी बघितल्याशिवाय एकही डबा काढायचा नाही, असं त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. सोमवारी त्यांच्या सरांनी सगळे अर्ज तपासले, दुसरं कुठलंही चालू पेटंट आड येत नाही हेही बघितलं आणि तसं लेखी दिलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्याने फोन सरळ प्रेसजवळ धरला होता... नुसता मशीनचा आवाज. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून तो ऐकत होते आणि मला रडू फुटलं.

हेतलबेन, तुम्हाला मराठी छान वाचता येतं, फक्त बोलायला लाजता, म्हणून इथेच लिहितेय. रविवारी आमच्याकडे जेवायला या. दादालाही बोलावलंय. त्याला तुम्हाला थँक्यू म्हणायचंय, पण तो तुमच्यासमोर बसून फक्त खाली मान घालून जेवेल... तेच थँक्यू समजा.