अण्णांचं ताट वाजायचं थांबलं

मी भित्रा माणूस आहे. ही गोष्ट मी कधी लपवली नाही, कारण लपवलेलं उघडकीला येईल याचीही मला भीती वाटते.

धाराशिवकडच्या वाशीत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आमचं घर. घरात मी, बायको सुनंदा आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. अण्णांनी उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली. अजूनही ते "पुढं सरका" असं काही म्हणतात की भिंतीलासुद्धा सरकावंसं वाटावं. मागच्या उन्हाळ्यात सोलापुरात त्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली. (डॉक्टर तिला वेगळं काहीतरी म्हणतात, पण आमच्या गल्लीत स्प्रिंगच.) डॉक्टरांनी बजावलं, ओरडायचं नाही, चिडायचं नाही, जिना चढायचा नाही.

आई गेल्यापासून अण्णांना टीव्हीचीच सोबत. आणि नेमकं रस्ता रुंद करताना केबलची वायर तुटली. केबलवाला फोन उचलेना. अण्णा दिवसभर निळ्या पडद्यासमोर बसून राहू लागले. चिडायला बंदी, म्हणून नुसतेच बसत. अण्णा रागावले की मला भीती वाटते हे खरं, पण ते रागावत नाहीत तेव्हा त्याहून जास्त वाटते. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. एक दिवस मी धाराशिवला गेलो आणि फुकट चॅनलवाली डिशची छत्री घेऊन आलो.

दुकानदार म्हणाला, "फिटर तुळजापूरला गेलाय. नवरात्र तोंडावर आलंय, लॉजवाल्यांनी नव्या छत्र्या बसवायला काढल्यात. तो आता नवरात्र झाल्यावरच. पण सोपं आहे हो. आग्नेयेला तोंड करायचं अन् केस केस फिरवायची."

येताना एसटीत छत्री मांडीवर होती. शेजारच्या आजीबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "परात लई मोठी घेतली. लगीन हाय का घरात?"

"न्हाय आजी, टीव्हीची छत्री हाय."

"मग धरा घट्ट. वारं लागलं तर खिडकीतनं जाताल."

मी वाशीपर्यंत छत्रीला मिठी मारून बसलो.

घरी आल्यावर अण्णांना सांगितलं, फिटर नवरात्रानंतर येईल.

"फिटर कशाला?" अण्णा म्हणाले. "तू हायस की."

"मला कुठं जमतंय अण्णा."

"बीएस्सी झालायस ना?"

(झालोय. वनस्पतिशास्त्रात.)

पण कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजात धार आली होती. मला नाही म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कामाला लागलो. आग्नेयेला शेजाऱ्यांचा कडुनिंब असा पसरलाय की आमच्या स्लॅबवरून तिकडचं आभाळच दिसत नाही. म्हणजे छत्री जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर बसवायला हवी होती. त्या डोक्याला कठडा नाही. वर जायला पायऱ्या नाहीत. समोरच्या किराणा दुकानातून महादप्पाकाकांची लोखंडी शिडी आणली. तिची मधली एक पायरी निघालेली होती.

"अवो, म्या चढते की," सुनंदा म्हणाली. तिचं माहेर भूमकडचं, लहानपण सगळं चिंचेच्या झाडावर गेलेलं.

"अगं, लोक काय म्हणतील?" मी म्हणालो. लोकांचीही मला भीती वाटते, हे सांगायचं राहिलं.

आता अण्णांना तर ओरडायची बंदी. मग खाली चित्र आलं का, हे वर कळायचं कसं? त्यावर त्यांनीच तोड काढली. जेवायचं स्टीलचं ताट मांडीवर घेतलं, हातात चमचा.

"दोन टोले म्हंजे गाडी पुढं घे," ते म्हणाले. "एक टोला म्हंजे थांब. ध्यानात ऱ्हाईल?"

जिन्यातून आवाज थेट वर येत होता. सुनंदानं शिडी धरली. मी छत्री दोरीनं पाठीला बांधली आणि चढलो. निघालेल्या पायरीपाशी पाय हवेत गेला आणि माझं सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून सरकलं. त्यात विशेष काहीच नव्हतं, त्यामुळे लवकर संपलं. वर पोचलो आणि पालथाच पडलो. भादव्याच्या उन्हानं सिमेंट तव्यासारखं तापलं होतं, पण उठून बसायचा धीर होईना. पोटावर सरपटत मी मध्यभागी गेलो. स्टँडवर विटा रचल्या, वायर जोडली, छत्रीचं तोंड आग्नेयेला केलं. तेवढ्यात रस्त्यावरून महादप्पाकाकांचा आवाज आला.

"दिलीपराव, खाली बघू नका."

तोपर्यंत मी बघत नव्हतो. मग बघितलं. काका रस्त्यावर उभे होते आणि अगदी बारीक दिसत होते.

"निधान, निधान," काका म्हणू लागले. म्हणजे हळू, हळू. महादप्पाकाका घाबरले की कानडीवर जातात. त्यांची कानडी सुरू झाली म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

खालून दोन टोले आले. मी छत्री केसभर फिरवली. पुन्हा दोन. पुन्हा केसभर. मग एक. थांबलो. परत दोन. असं किती वेळ चाललं कोण जाणे. वारा सुटला की छत्री शिडासारखी फुगायची आणि तिच्याबरोबर मीही कडेकडे सरकायचो. मी डोळे मिटून फिरवत होतो. हळूहळू टोले घाईनं यायला लागले. अण्णा रंगात आले होते. मलाही जरा बरं वाटू लागलं.

आणि एकदम ताट पडल्याचा आवाज आला. फरशीवर ताट गरगर फिरलं, फिरत फिरत थांबलं, आणि मग काहीच नाही.

"अण्णा?" मी हाक मारली.

उत्तर नाही.

"सुनंदा, अण्णांना बघ. पळ."

सुनंदा शिडी सोडून धावली. आपण उत्साहात त्यांना ताट वाजवू दिलं. चिडायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण आनंदाचं काय, हे आपण विचारलंच नव्हतं. मी कान देऊन ऐकत होतो. सुनंदाची पावलं खाली पोचली. मग तिचाही आवाज नाही. रडणं नाही, हाक नाही.

"सुनंदा?"

काहीच नाही.

"काका," मी रस्त्याकडे ओरडलो, "जरा घरात बघा. अण्णा बोलंनात."

काका भराभर कानडीत काहीतरी म्हणत आमच्या दारातून आत शिरले. मी वाट बघितली. काकाही बाहेर येईनात. त्यांची कानडीसुद्धा बंद झाली. आमच्या घरात जो शिरेल तो गप्प होत होता.

मी शिडीवर पाय ठेवायला गेलो. धरायला कुणी नव्हतं. शिडी घसरली आणि स्लॅबवर आडवी झाली. मला तिथं वर बसून आई गेली तो दिवस आठवला. तेव्हाही अशीच शांतता होती, आणि मी पोचायला उशीर केला होता. मग मला उंची दिसेनाशी झाली. मी कडेला हातांनी लोंबकळलो आणि सोडून दिलं. गुडघे फुटले, एक चप्पल वरच राहिली. तसाच लंगडत, "अण्णा, अण्णा" करत जिना उतरलो.

बैठकीत तिघं ओळीनं बसले होते. मधे अण्णा, एका बाजूला सुनंदा, दुसऱ्या बाजूला मांडी घालून महादप्पाकाका. समोर टीव्हीवर लाल मातीतली कुस्ती चालली होती. एका पैलवानानं दुसऱ्याला असं धरलं होतं की तिघांचाही श्वास अडकला होता. ताट कोपऱ्यात पडलं होतं.

"दिल्या," अण्णा मान न वळवता म्हणाले, "दारातनं सरक. सावली पडतीय पडद्यावर."

मी सरकलो नाही. खाली बसलो, त्यांच्या पायाला धरलं आणि रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो.

अण्णांनी प्रथमच माझ्याकडे बघितलं. माझे गुडघे बघितले. "काय झालं रं?"

"ताट पडलं. मला वाटलं, तुमाला काय झालं."

"चित्र आलं, आवाज न्हाई. त्यो वाढवाय उठलो, तवा पडलं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मला काय धाड भरलीय. बस हितं."

सुनंदा ओशाळून उठली. "अवो, म्या सांगायलाच येत हुते," ती म्हणाली, "पण त्यो पडंल पडंल म्हणून..."

त्यावर मी काही बोलणार तोच चित्र चौकोन चौकोन होऊन थिजलं. मी वर नट आवळलेच नव्हते, आणि वाऱ्यानं आपलं काम केलं होतं. दोन्ही पैलवान हवेत अधांतरी राहिले. अण्णा, काका, सुनंदा, तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं.

सुनंदानं पदर खोचला, पाना घेतला आणि गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन बसेपर्यंत चित्र आलं होतं. ती खाली आली तेव्हा तिच्या हातात माझी चप्पल होती.

त्या दिवसापासून अण्णांचं जेवण पुन्हा वाढलं. संध्याकाळी काका दुकान सोडून कुस्ती बघायला येतात, आणि निकालावरून दोघं भांडतात. (डॉक्टरांना आम्ही हे कळवलेलं नाही.) येणाऱ्याजाणाऱ्याला अण्णा अभिमानानं सांगतात, "आमच्या दिल्यानं बसवली." मी खाली मान घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

त्यामुळे झालं असं, की गल्लीत ज्यांनी ज्यांनी छत्री आणली ते सगळे मलाच बोलवायला लागले. मी कुणालाही नाही म्हणत नाही, ताबडतोब जातो. वर सुनंदा चढते. मी शिडी धरतो, तेही डोळे मिटून.